आत्याची नजर आणि बॅटरीबाबा

धक्क्यावर ही गर्दी जमली होती. बोटीची मेलेली बॅटरी जिवंत होणार होती, तीही मंत्राने. बॅटरीबाबांनी तिच्यावर तळहात ठेवला, "ब्रह्मांडाच्या करंटा, आत उतर" असं बजावलं आणि नावाड्याला म्हणाले, "आता दोरी ओढून इंजिन चालू कर. बोट सुसाट सोड आणि बेटाला वळसा घालून ये. वाटेत दिवा नाही, गाणी नाहीत. करंट बिचकतो."

नावाडी वळसा घालून आला. इंजिन बंद करून त्याने बटण दाबलं, तर पहिल्याच फटक्यात चालू. लोकांनी तोंडात बोटं घातली.

"पण बाबा, मुळात ती मेली कशाने?" नावाड्याने विचारलं.

बाबांनी डोळे मिटले. "घरातल्या एका बाईची नजर. करंट पिते ती."

नावाड्याला लगेच आत्या आठवली. ती बोटीत असली की बॅटरी उतरते, हे त्यानेही पाहिलं होतं. आई गेल्यावर याच आत्याने त्याला वाढवलं होतं. पलीकडच्या काठावरचं शिवणाचं दुकान बंद करून ती रोज संध्याकाळी त्याच्याच बोटीने घरी यायची. बाबांचं बोलणं कानावर गेल्यापासून ती लांबच्या रस्त्याने बसने येऊ लागली. घरातल्या दिव्याच्या बटणालाही हात लावेना. "उगाच बल्ब जायचा," म्हणायची. नावाड्याला आधी हसू आलं, मग जेवण जाईना.

त्याची बायको शाळेत विज्ञान शिकवायची. तिने विचारलं, "आत्या असल्या की बोट कशी चालवतोस?"

"हळू. तिला वेगाची भीती वाटते. अंधारही नको असतो, म्हणून सगळे दिवे लावतो. आणि तिची जुनी गाणी."

"आणि बाबा काय करायला सांगतात?"

"सुसाट सोड. दिवा नाही, गाणी नाहीत... म्हणजे सगळं उलटंच की!"

सुट्टीच्या दिवशी बायकोने बॅटरीला व्होल्टमीटर जोडला आणि बाबांसकट सगळ्यांना बोटीत बसवलं. आधी आत्याला घेऊन बोट सुसाट, दिवे-गाणी बंद. काटा चौदा व्होल्टपर्यंत चढला. आत्याने डोळे गच्च मिटले होते.

"उघडा की आत्या. नजर लागायला हवी ना," बायको म्हणाली.

आत्याने बॅटरीकडे चांगलं डोळे वटारून पाहिलं. काटा जागचा हलला नाही.

मग आत्याला धक्क्यावर पाठमोरं बसवलं आणि बोट रमतगमत निघाली, सगळे दिवे लावून. आत्याची सगळी गाणी वाजून संपली तेव्हा काटा पार खाली आला होता. भर पाण्यात इंजिन बंद करून नावाड्याने बटण दाबलं. टक्. बाबांनी तळहात ठेवला, करंटाला हाक मारली, मग दटावलंही. पुन्हा टक्.

"कुणाची तरी नजर..." बाबा म्हणाले.

"आत्या तर तिकडे पाठ करून बसल्यात."

बाबांनी घाम पुसला. "वल्ही आहेत का?"

बोट हसण्याने डोलू लागली. नावाड्याने दोरी ओढून इंजिन चालू केलं आणि बायकोने सांगून टाकलं, "वीज इंजिनच बनवतं. हळू फिरलं की थोडी बनते आणि दिवे-गाणी जास्त खातात. बॅटरी रोज अशी अर्धपोटी राहिली की लवकर मरते. बाबांचा मंत्र म्हणजे नुसता वेग."

एवढं साधं होतं. काही बिघडलं की आपण आधी घरातली बाई शोधतो. त्याऐवजी आधी मीटरचा काटा बघायला काय हरकत आहे?

"चुकलो गं आत्या," नावाडी धक्क्यावर येऊन म्हणाला.

"गाणी राहू देत," बोटीत चढत आत्या म्हणाली. "पण इंजिन जरा जोरात हाण."

त्या संध्याकाळी घरातला दिवा आत्याने लावला. बल्ब काही गेला नाही.