विकरांना इस्त्री

सासूबाईंना कुठलीही गोष्ट मराठीत नीट समजावून सांगितली की घोटाळा होत नाही, असं माझं मत होतं.

"बाळाच्या दुधाशेजारी हे कसले कागद ठेवलेस?" फ्रीजचं दार धरून त्यांनी विचारलं.

मी सांगितलं. प्रयोगशाळेतला फ्रीज बंद पडलाय आणि उद्या आमच्या कामाची तपासणी आहे. या पट्ट्या म्हणजे कागदाचे सेल. अंगाला चिकटवल्या की घामातून वीज तयार होते आणि त्यावर छोटा तापमापक चालतो. पुढेमागे बाळाच्या दंडालाही लावता येईल.

"कागदात वीज येते कुठून?"

"त्यात विकरं असतात, आई. त्यांच्यामुळेच."

एन्झाइम म्हटलं असतं तर त्यांनी विषय सोडून दिला असता. मी पुस्तकातला शब्द वापरला. त्या "बरं" म्हणाल्या आणि दुधाची बाटली वरच्या कप्प्यात हलवली.

बाळंतपणानंतर मी नुकतीच कामावर परतले होते. तपासणीला येणारे साहेब "चालू ठेवा" म्हणाले तर नोकरी राहणार होती. नाहीतर घरी बसून बाळाचा श्वास चालतोय का ते पूर्णवेळ बघायचं. अर्धवेळ ते मी आताही करते.

बाळाला एवढा वेळ लांब ठेवायचा धीर नव्हता, म्हणून सकाळी दोघींना सोबत नेलं. लिफ्ट बंद होती. सासूबाई बाळाला कडेवर घेऊन जिना चढल्या आणि प्रयोगशाळेच्या दाराशी बाकावर बसल्या.

साहेब आले. मी बाटली दाखवली. "हा कृत्रिम घाम."

"खऱ्याची टंचाई आहे का?" साहेबांनी विचारलं. आमचे सर हसले. साहेब हसले नव्हते, म्हणून सर थांबले.

मी डबा उघडला. पट्ट्या नव्या पत्त्यांसारख्या ताठ होत्या. काल त्या अशा नव्हत्या. एकीवर थेंब टाकला, तापमापक जोडला. काही नाही. दुसरी, तिसरी. सगळ्या झाल्या. सर खिडकीबाहेर बघू लागले. तिकडे भिंत आहे.

दारातून सासूबाईंनी विचारलं, "नीट झाली नाही का गं इस्त्री?"

"कसली इस्त्री?"

"अगं, तूच म्हणालीस ना, त्यात विकार आहेत. आणि बाळाला लावणार. म्हणून सकाळी चांगली कडक फिरवली सगळ्यांवरून. काही असेल ते मरून जाईल."

गेलं होतं. इस्त्रीखाली विकरं टिकत नाहीत.

"सगळ्यांवरून?" मी विचारलं.

"एक सोडून." त्यांनी बाही वर सारली. दंडावर पट्टी होती, घामाने ओली. "रात्रीच लावून बघितली. म्हटलं, काय व्हायचं ते आधी मला होऊ दे."

मी बाळाला घेतलं आणि सरांकडे दिलं. सरांनी ते परीक्षानळीसारखं धरलं. मग मी सासूबाईंच्या दंडावरच तापमापक जोडला. छोट्या पडद्यावर आकडा उमटला आणि टिकून राहिला.

"ताप आहे का मला?" सासूबाईंनी विचारलं.

"नाही."

"मग हा खरं सांगतोय कशावरून?"

"प्रश्न बरोबर आहे," साहेब म्हणाले आणि वाकून आकडा बघत राहिले. मग मला म्हणाले, "लोक घरी याला इस्त्री करतील असं वाटतं तुम्हाला?"

"आमच्याकडे करतात."

"मग इस्त्रीत टिकेल अशी करा. चालू ठेवा काम."

जिना उतरताना सासूबाई म्हणाल्या, "म्हणजे विकार नव्हतेच?"

"नाही आई. विकरं. त्यांच्यामुळे कामं होतात."

"मग तसं सांगायचं ना. एका कान्यासाठी केवढी इस्त्री केली मी."

दुसऱ्या दिवशी सरांनी विचारलं, नव्या कामाला काय काय लागेल. मी म्हटलं, एक इस्त्री.

"प्रयोगशाळेची?"

"घरगुती. कडक होणारी."

"आणि चालवायला माणूस?"

"आहे," मी म्हटलं.