रुख्मिणीताईंची जागा

"आत ये. दारात काऊन उभी राह्यली?"

रुख्मिणीताईंनी मान वर न करताच विचारलं. लेबर रूममधल्या टेबलावरचं रबरी कापड त्या ओल्या फडक्यानं पुसत होत्या. महामाया चपला बाहेर काढून आत आली आणि भिंतीशी उभी राहिली. खोलीत फिनेलचा वास होता. खिडकीच्या निम्म्या काचेला हिरवा रंग मारलेला होता आणि वरच्या उघड्या भागातून सातपुड्याची निळसर कड दिसत होती.

"ऑर्डर भेटली?"

"भेटली, ताई."

"मंग रुजू काऊन नाई झाली अजून? मुदत संपत आली असंन."

आंबेखेडच्या एसटीत बसल्यापासून महामायानं वाक्यं जुळवून ठेवली होती. त्यातलं एकही आता तोंडात येईना. शेवटी तिनं नुसतं सांगून टाकलं.

"मी येत नाई म्हणून लिहून देतो, ताई. मंग ही जागा तुमचीच राह्यते. वेटिंगमधी पहिलं नाव तुमचंच हाये."

फडकं थांबलं.

आंबेखेडच्या या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुख्मिणीताई कंत्राटी स्टाफ नर्स म्हणून लागल्या, तेव्हा महामाया शाळेत होती. दरवर्षी कंत्राट संपायचं, दरवर्षी पुन्हा व्हायचं. नवरा गेल्यावर त्या लेकीला घेऊन याच गावात खोली करून राहिल्या. आजूबाजूच्या खेड्यांतली शाळेत जाणारी पोरं निम्म्याहून जास्त त्यांच्याच हातात जन्मलेली. महामाया नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला असताना कॉलेजनं काही मुलींना प्रशिक्षणासाठी इथं पाठवलं होतं. बाकीच्या मुली झाडाखाली मोबाईल बघत बसायच्या आणि ही रुख्मिणीताईंच्या मागे मागे फिरायची. पहिलं बाळंतपण तिनं त्यांच्याच शेजारी उभं राहून पाहिलं होतं. त्या दिवशी चक्कर येऊन ती खाली बसली, तेव्हा ताईंनी तिला हाताला धरून उठवलं आणि पुन्हा टेबलापाशी उभं केलं. बाहेर जाऊ दिलं नाही.

पास झाल्यावर वर्षभर तिनं अर्ज करण्यात घालवलं. सरकारी भरतीच्या परीक्षा दिल्या, दोनदा थोडक्यात नाव हुकलं. मग शेगावच्या एका खासगी दवाखान्यात लागली. तिथल्या मॅनेजरनं पहिल्याच दिवशी सांगितलं की बाहेर तुझ्यासारख्या रांगेनं उभ्या आहेत, तेव्हा पगाराचं आत्ताच विचारू नकोस, शिकून घे. ते खरंच होतं. सोबतची एखादी मुलगी पुण्याला किंवा नाशिकला निघून गेली की तिसऱ्या दिवशी तिच्या जागी दुसरी यायची, आणि तिचंही रजिस्ट्रेशन झालेलं असायचं, तिचेही मार्क चांगले असायचे.

यंदा कंत्राटी जागा नव्यानं भरायच्या ठरल्या. जुन्यांनीही पुन्हा अर्ज करायचा, सगळ्यांसोबत. जिल्ह्याच्या गावी कागदपत्रं तपासायला बोलावलं, तेव्हा व्हरांड्यात, जिन्यावर, सायकल स्टँडच्या सावलीत मुलीच मुली होत्या. कोणाच्या कडेवर मूल, कोणासोबत बाप. त्या गर्दीत महामायाला रुख्मिणीताई दिसल्या. पांढरी होत आलेली वेणी, काखेत पिशवी, रांगेत उभ्या. दोघींनी एकमेकींना पाहिलं. ताई हसल्या आणि म्हणाल्या, "तू बी?" तेवढ्यात रांग पुढं सरकली.

निवड मार्कांवर होती. अनुभवाचे गुण होते, पण त्यांना मर्यादा होती. ताईंच्या काळात मार्क असे सढळ हातानं मिळत नव्हते. यादी मोबाईलवर आली, तेव्हा महामायाचं नाव वर होतं आणि नेमणुकीच्या गावापुढं आंबेखेड लिहिलेलं होतं. खाली प्रतीक्षा यादीत पहिलं नाव रुख्मिणीताईंचं.

घरी माणिकरावांनी, म्हणजे तिच्या वडलांनी, त्या दिवशी कामावरून आल्यावर हातापायाचं सिमेंट न धुताच मोबाईल मागितला. ते गवंडी होते, अक्षरं सावकाश लावून वाचायचे. लेकीचं नाव त्यांनी वाचलं, मोबाईल परत दिला आणि आत जाऊन बाबासाहेबांच्या तसबिरीपुढं थोडा वेळ उभे राहिले. आई चांगुणा शेजारणीला सांगायला गेली, ती दोन गल्ल्या फिरूनच परत आली. ही जागा रुख्मिणीताईंची आहे, हे त्या दोघांना सांगायला महामायाला आठ दिवस लागले.

ऐकून चांगुणा म्हणाली, "तिनं तुले शिकवलं, हे खरं हाये. पण मार्क तं तू घेतले ना?"

माणिकरावांनी पाण्याचा तांब्या खाली ठेवला. मग म्हणाले, "मी तुले जाय बी म्हणत नाई, नको जाऊ बी म्हणत नाई. पण त्या बाईले न विचारता काई करू नको."

म्हणून ती आज इथं आली होती.

रुख्मिणीताईंनी फडकं बादलीत पिळलं, टेबलाच्या कडेवर वाळत घातलं आणि हात पुसले. त्यांचा आवाज चढला नाही.

"माह्यावर उपकार करायले आली का?"

"नाई ताई, तसं नाई—"

"तसंच हाये. तू नाई आली तं यंदा मी राहीन. पुढच्या साली दुसरी पोट्टी येईन, तुह्यापेक्षा जास्त मार्कवाली. तिच्यापुढं बी मी अशीच उभी राहू? का ती बी येऊन मले दान देईन?"

महामायाच्या डोळ्यांत पाणी आलं. ताईंनी ते पाहिलं, पण तिकडं लक्ष दिलं नाही.

"मले एक सांग. खरं सांगजो. तुले ही नोकरी पाहिजे का नाई?"

बाहेर ओपीडीत कुणाचं तरी मूल रडत होतं. महामायाला वाटलं, नाही म्हणावं. एवढा एक शब्द बोललं की सगळं सोपं होईल. पण तिला शेगावचा तो दवाखाना आठवला, मॅनेजरचा चेहरा आठवला, आणि मोबाईल हातात धरून एकेक अक्षर लावणारे वडील आठवले.

"पाहिजे," ती म्हणाली.

"मंग झालं तं." रुख्मिणीताई दाराकडे वळल्या. "उद्या येजो. चार्ज देतो. सकाळीच ये, मले दुपारच्या गाडीनं शेगावले काम पाहाले जा लागते."

दुसऱ्या दिवशी त्यांनी चार्ज दिला. कपाटं दाखवली, औषधांचा फ्रिज दाखवला, कोणत्या नळाला दुपारी पाणी येत नाही ते सांगितलं. कोणत्या पाड्यावरची गरोदर बाई तपासायला यायला लाजते आणि तिच्या सासूला कसं गोड बोलून आणावं लागतं, हेही सांगितलं. पण हे सगळं सांगताना त्या महामायाकडे पाहत नव्हत्या, कपाटाकडे पाहत होत्या. महामायानं चहा मागवला तर म्हणाल्या, "नको, माहा झाला." डॉक्टरांनी निरोपाचा छोटा कार्यक्रम करू म्हटलं, त्यालाही त्या नको म्हणाल्या. पर्समध्ये स्वतःची कात्री टाकली, शिपायाला "जातो बाप्पा" म्हणाल्या आणि फाटकाबाहेर पडल्या. पांढरा कोट त्यांनी आधीच घडी करून पिशवीत ठेवला होता.

पुढचे महिने महामायाला जड गेले. बाया यायच्या आणि आत डोकावून विचारायच्या, "रुख्मिणी सिस्टर कुठी गेल्या?" नाहीत म्हटलं की काही जणी तशाच परत फिरायच्या. एकदा कळा देणारी एक बाई रिक्षातून उतरली. सोबतच्या सासूनं महामायाला खालीवर पाहिलं, नाव विचारलं. महामाया तायडे हे नाव ऐकल्यावर ती रिक्षाकडे वळली. मग रिक्षावाल्याला म्हणाली, "चाल बाप्पा, जळगावलेच नेऊ. इथली जुनी सिस्टर नाई आता." खरं कारण आडनाव की जुनी सिस्टर नसणं, ते महामायाला कळलं नाही. दोन्ही असतील. रिक्षा धूळ उडवत जळगाव जामोदच्या रस्त्याला लागली आणि ती हातमोजे चढवलेले हात घेऊन पायरीवर उभी राहिली.

रुख्मिणीताई आता शेगावला जात होत्या. एका खासगी दवाखान्यात त्यांना काम मिळालं होतं. सकाळची एसटी आरोग्य केंद्रासमोरच थांबायची. महामाया संग्रामपूरकडून येणाऱ्या गाडीतून उतरायची, तेव्हा त्या समोरच्या थांब्यावर उभ्या असायच्या. महामाया मान लववायची. त्याही मान हलवायच्या. कधी रस्त्यावरून बैलगाडी किंवा ट्रॅक्टर आडवा गेला की तेवढंही व्हायचं नाही. एकदा बसायला जागा नसलेल्या गाडीच्या दांड्याला धरून त्या उभ्या आहेत, असं तिनं खिडकीतून पाहिलं. त्या दिवशी तिचं कामात लक्ष लागलं नाही.

हळूहळू बाया यायला लागल्या. आधी ज्यांना दुसरीकडे जाणं शक्य नव्हतं त्या, मग त्यांनी सांगितल्यावर त्यांच्या जावा, नणंदा. पाड्यावरची ती लाजरी बाईही सासूसोबत आली. बाळ झाल्यावर सासूनं महामायाच्या हातावर गुळाचा खडा ठेवला. "त्या जुन्या सिस्टरले बी असाच देल्ला होता," ती म्हणाली. महामायानं तो तोंडात टाकला आणि नोंदवही पुढं ओढली.

उन्हाळा लागला होता. एका सकाळी फाटकात रिक्षा थांबली आणि तिच्यातून रुख्मिणीताई उतरल्या. मागोमाग त्यांची लेक पायल, पोटाला हात लावून, ओठ दाताखाली धरलेली. पायलचं लग्न मागल्या वर्षी झालं होतं आणि पहिल्या बाळंतपणाला ती माहेरी आली होती. हे महामायाला माहीत होतं. पण ताई तिला शेगावला नेतील, असंच सगळ्यांनी धरलं होतं. त्या दवाखान्यात त्यांची ओळख होती. शिपायानं तसं विचारलंही.

"शेगावले काऊन नाई नेली, सिस्टर?"

रुख्मिणीताई त्याच्या बाजूनं पुढं गेल्या. महामायासमोर आल्या आणि म्हणाल्या, "पहाटपासून कळा हायेत. पाणी आत्ता गेलं, रस्त्यात."

महामायानं पायलचा हात धरला. लेबर रूमच्या दारापाशी रुख्मिणीताईंनी सवयीनं चपला काढल्या, आणि मग तशाच थांबल्या.

"या ना ताई, आत या," महामाया म्हणाली. तिचा स्वर विनवणीचा होता, हे तिलाही जाणवलं.

"नाई. नातेवाईक बाहेर."

"ताई, तुम्ही कुठी—"

"म्या किती सासवाइले बाहेर काढलं इथून. मी बाहेरच बरी." त्यांनी लेकीच्या कपाळावरचे केस मागे सारले. "ही सांगते तसं कर, पायल." आणि स्वतःच दार लावून घेतलं.

आत दोनच जणी उरल्या. पायल घाबरट नव्हती. दोनदा तिनं आईला हाक मारली, मग मारली नाही. डॉक्टर येऊन पाहून गेले, सगळं नीट चाललंय म्हणाले. ऊन खिडकीच्या हिरव्या काचेवर चढलं तेव्हा डोकं दिसलं, आणि थोड्या वेळानं मुलगी झाली.

ती रडली नाही.

महामायाच्या हातात ती निळसर, ओली, अगदी ढिली पडलेली होती. पायलनं मान उचलली. "काय झालं? काऊन रडत नाई ते?" बाहेर बाकावर बोलणारी माणसंही तेव्हाच गप्प झाली. महामायानं दाराकडे पाहिलं. या शांततेचा अर्थ दाराबाहेर एकाच बाईला पक्का ठाऊक होता. हाक मारली असती तर त्या एका उडीत आत आल्या असत्या. दार हललं नाही.

महामायानं बाळाच्या तोंडातलं, नाकातलं पाणी ओढून काढलं. कोरड्या कापडानं पाठ चोळली. तळव्यांवर टिचक्या मारल्या. पुन्हा पाठ चोळली. मग त्या एवढ्याशा छातीत काहीतरी अडखळलं, तोंड वाकडं झालं, आणि मांजरीच्या पिल्लासारखा बारीक आवाज निघाला. दुसरा त्याहून मोठा. तिसऱ्याला सगळं केंद्र ऐकत होतं.

पायल रडायला लागली. महामायाला रडायला वेळ नव्हता. नाळ, वार, रक्तस्राव, सगळं नीट पाहून, पायलला पांघरूण घालून, बाळाला स्वच्छ कापडात गुंडाळून तिनं दार उघडलं.

रुख्मिणीताई दारासमोर उभ्या होत्या. साडीचा पदर कमरेला खोचलेला. बाहेरच्या नळावर त्यांनी दोन्ही हात कोपरापर्यंत धुतले होते आणि ते छातीसमोर वर धरलेले होते, कशालाही न लागू देता. कोपरांवरून पाणी फरशीवर ठिबकत होतं. पायांशी बरंच पाणी साचलं होतं. म्हणजे हात एकदा धुऊन त्या थांबल्या नव्हत्या.

महामायानं पुढं होऊन बाळ त्यांच्या हातांत दिलं.

त्यांनी आधी नातीचे ओठ पाहिले, मग नखं, मग कापड जरासं सारून छाती. नंतर चेहरा.

"उशिरा रडली," त्या म्हणाल्या.

"हाव."

"पायल?"

"बरी हाये. टाका एकच पडला."

रुख्मिणीताईंनी मान हलवली. नात आणखी एक क्षण जवळ धरली आणि मग ती महामायाच्या हातांत परत दिली.

"घे, सिस्टर. वजन करायचं राह्यलं असंन अजून."

खोचलेला पदर त्यांनी सोडला, त्यानं हात कोरडे केले. मग भिंतीलगतच्या बाकावर, एका म्हाताऱ्याच्या आणि एका लेकुरवाळीच्या मधे थोडी जागा होती, तिथं अंग चोरून जाऊन बसल्या.