अकरावी बाई

जलील मिस्त्रीने डाळमिलच्या फरशीवर गुडघे टेकले आणि खडूने आणखी एक लांब रेघ ओढली. मग दोन्ही हात कमरेवर ठेवून उठताना त्याच्या तोंडून नकळत "या अल्ला" निघालं.

लातूरचा जिल्हा झाला तसं गुंडप्पा मालकांना सरकारी डाळीचं काम मिळालं. पण पावसाने सलग दुसऱ्या वर्षी दगा दिला. इथली तूर आलीच नाही, आणि बाहेरून यायची तिच्यात मातीच जास्त. बायकांनी भुईवर बसून सुपाने निवडलेला माल सरकारने परत पाठवला. म्हणून आता फिरता पट्टा. डाळ हळूहळू सरकणार, दोन्हीकडून बायका खडे वेचणार.

काळ्या रबरावर काळा खडा दिसायचा नाही, म्हणून जलीलने पांढरं कॅनव्हास ठरवलं. अडलं ते लांबीवर. शेडभर एकच पट्टा टाकला तर दहा बायका बसत होत्या. मिलमध्ये होत्या अकरा.

"काढा एकीला," मालक म्हणाले.

मुकादम व्यंकटी खाकरला.

"मालक, अजून एक हाय. आतल्या सहाजणी त्या दारापाशी बसणाऱ्या पाचजणींना शेजारी बसू द्यायच्या न्हाईत. पहिल्यापासून तसंच हाय. माठबी निराळा."

जलीलने डोकं खाजवलं. पट्टा ओढायला मालकांकडे जुन्या मोटारी दोन होत्या. आत एक आखूड पट्टा, दाराशी आडवा दुसरा. सहाजणी तिकडे, पाचजणी इकडे, कुणाचं काम जायचं नाही. मालकांनाही पटलं. जलीलला इतकं हलकं वाटलं की तो ही खबर सांगायला स्वतःच दाराकडे गेला.

दारापाशी बसणाऱ्या त्या पाचजणी भीमनगरातल्या. त्यांत नागुबाई थोरली.

"नागुबाई, खुश व्हा. तुमचा पट्टा निराळा करून राहिलो. कुणाची कटकट न्हाई."

नागुबाईचे हात डाळीत तसेच राहिले.

"निराळा?"

"हाव."

"जलीलभाई, भुईवर बसतो तवा वाटतं, उद्या जरा आत सरकून बसू. कुणी बोललं तर भांडू. तुम्ही तर आता मधी लोखंडच पुरून राहिले."

जलीलला लई राग आला. एवढं डोकं शिणवलं ते कुणासाठी?

"मग एकच टाकू? एकीला घरी बसावं लागंल. असल्या दुष्काळात कोण बसंल?"

"मी."

"खुळ्या का काय? खाणार काय?"

"ते बघू. मला तसाबी खडा दिसंना झालाय, हातानंच चाचपते. पर ही माझ्या शेजारची धुरपता, तिला मधी बसवा. कडंला न्हाई."

जलील तसाच मालकांकडे गेला. दुसरी मोटार ओढायची नाही, जळून जाईल, असं धडधडीत खोटं बोलला. मालक वैतागले, पण एकाच पट्ट्याला हो म्हणाले.

पट्टा सुरू झाला त्या दिवशी नागुबाई बोलावणं नसताना आली आणि दारात उभी राहिली. बायका आपापल्या जागी बसल्या. व्यंकटीने धुरपताबाईला मधल्या स्टुलावर बसवलं आणि तिच्या दोन्ही बाजूंच्या, आतल्या सहांतल्या बायका ताडकन उठल्या.

"आमी न्हाई बसत हितं."

व्यंकटीने मालकांकडे बघितलं. मालकांनी दाराकडे.

"नका बसू. ती बाई उभीच हाय, तिला बसवतो," व्यंकटी म्हणाला.

दोघींनी मान वळवून नागुबाईला बघितलं. ती पदराने तोंड पुसत होती. आत यायला तिने एक पायही उचलला. त्याबरोबर एकजण पदर आवरत खाली बसली, पाठोपाठ दुसरी. धुरपताबाईच्या खांद्याला त्यांचे खांदे लागत होते. स्टुलं तेवढी जवळजवळ होती.

जलीलने बटण दाबलं. पिवळी डाळ पांढऱ्या कापडावरून सरकू लागली.

कुणी पुन्हा उठतंय का ते बघत नागुबाई बराच वेळ थांबली. कुणी उठलं नाही. मग ती घरी गेली.