बिनवासाची हवा

छबुबाईंनी पदर खोचला, सिलेंडरची तोटी उघडली आणि तिला नाक लावून दोनदा हुंगलं.

"काई गळत न्हाई. ह्या नाकाला शेजारचा करपलेला भात कळतोय, घरातला गॅस कळायचा न्हाई व्हय?"

हे जमिनीवरच्या गादीवर पडलेल्या विठ्ठलरावांना होतं. अर्धांगानं उजवं अंग आणि वाचा गेल्यापासून नवऱ्याचं सगळं बोलणं डाव्या हाताचं. त्या हाताचा अर्थ उभ्या युसूफ वडगावात आपल्या एकटीलाच कळतो, असा छबुबाईंचा दावा होता. खाटेवरून पडले म्हणून गादी खाली आली, आणि गादीवरून दिसावी म्हणून नातीनं, धनश्रीनं, माशांची काचपेटी ठेंगण्या टेबलावर मांडली. पेटीत हिरवीगार झाडं. त्या झाडांना हवा द्यायला आज सकाळी तिनं हा सिलेंडर जोडला आणि मासे आणायला केजला जाताना बजावलं, "आजी, मी आल्याबिगर तोटी उघडू नका. अजून साबण लावून गळती बघायचीय."

तोटी उघडायला कॉलेज लागत नाही, असं छबुबाईंचं मत.

नळीतून बुडबुडे सुटले. विठ्ठलरावांचे डोळे हसले. बाहेर थंडी होती. छबुबाईंनी खिडकी लावली, दार ओढून घेतलं आणि भाकरी थापायला गेल्या.

परत आल्या तर विठ्ठलराव कपाळ चोळत होते. बायकोला बघताच त्यांनी तळवा आभाळाकडे करून हात उचलला. पुन्हा उचलला.

"पाणी पायजे?" पाणी नको होतं. "मग उशी घ्या अजून एक. डोस्कं दुखतंय? हा बाम. आवं, गुमान बघा की पेटीकडं! पोरीनं लई हौसेनं मांडलीय."

हात उठतच राहिला.

तेवढ्यात धनश्री आली. पिशवीतले मासे तिनं दारातच ठेवले.

"आजी, तोटी कुणी उघडली?"

"म्या. वास न्हाई, काई न्हाई."

"ह्याला वास नसतोच! कार्बन डायऑक्साइड हाय हा." तिनं तोटी आवळली, खिडकी सताड उघडली. "जड असतोय, खाली साठतोय. आबाला भायेर घ्या आधी!"

दोघींनी गादीसकट त्यांना ओसरीवर ओढलं. मग धनश्रीनं सिलेंडर अंगणात नेला, जोडावर साबणाचं पाणी लावलं आणि तोटी जराशी उघडली. फेस टरारून फुगला.

खाली साठतोय. छबुबाईंच्या कानात तेवढंच राहिलं. विठ्ठलरावांची हयात विहिरी खोदताना माणसं आणि दगड दोरानं वर-खाली करायच्या यारीवर गेली. माणूस उतरवायच्या आधी पेटता कंदील सोडायचा. विझला, तर कुणी उतरायचं नाही. ते परगावी गेले होते त्या दिवशी धाकटा दीर सुग्रीव कंदिलाबिगर उतरला, तो दोराला बांधूनच वर काढावा लागला. त्या विहिरीलाही वास नव्हता. यारीच्या इंजिनाच्या आवाजात बोललेलं ऐकू येत नसे. सगळा कारभार हातावर. तळवा वर, माणूस वर घ्या. तळवा खाली, पोचला, दोर थांबवा. विहिरीवर भाकरी घेऊन गेल्यावर तो हात छबुबाईंनी किती वेळा पाहिला होता!

"वर घ्या म्हणत हुते," त्या म्हणाल्या. "म्या उशी दिली."

धनश्रीनं तोटी आवळली आणि आजीकडं बघितलं.

"बघती काय? आन नवं वायसर."

वायसर बदललं. या वेळी साबण छबुबाईंनी स्वतः लावला, फेस फुगत नाही हे डोळ्यांनी बघितलं, वर एकदा पुन्हा लावला. सिलेंडर खिडकीबाहेर उभा करून गजाला साखळीनं बांधला. आत आली ती फक्त नळी. मग त्यांनी माळ्यावरच्या फळ्या काढून खाटेला तिन्ही बाजूंनी कठडा ठोकून घेतला.

चादरीची टोकं धरून दोघींनी विठ्ठलरावांना ओसरीवरून उचलून आत आणलं. पाठ खाटेला टेकली. डावा हात हळूच वर आला आणि तळवा खाली झाला.

"आता काय पायजे आबाला?" धनश्रीनं विचारलं.

छबुबाईंनी त्या हाताकडं नीट बघितलं, आणि मुठीतली चादर सोडली.