ब्रेकच्या जागी ठेवलेला ठोकळा

मी एक जुना लाकडी ठोकळा आहे, आणि माझं कौतुक करायला आला असाल तर, मित्रांनो, आल्या पावली परत जा. कौतुक ऐकून माझे कान किटले आहेत. मला कान नाहीत हे मलाही कळतं, पण किटले आहेत म्हणजे आहेत.

माझा जन्म लाकडाच्या वखारीतला. एका जाड तुळईचं टोक लांबीला जास्त झालं म्हणून करवतीखाली घालून तोडलं, तो मी. सुरुवातीचे दिवस बरे गेले. मालकाच्या खोलीतलं कपाट एका पायाने लंगडं होतं, त्याच्याखाली राहिलो. मग पाण्याच्या पिंपाखाली राहिलो. काम साधं होतं, पण माझ्याजोगतं होतं. कोणी माझं नाव काढत नव्हतं आणि मला त्याचं काही वाटतही नव्हतं.

मग वखारीत लोडर आला. छोटासाच, चार चाकांचा, पुढे बकेट, जागच्या जागी गोल फिरणारा. खालच्या अंगणातला भुसा भरायचा आणि उतार चढून वरच्या कोठारात टाकायचा, हे त्याचं काम. तो चालवणाऱ्याला सगळे गिरकी म्हणत, कारण तो लोडर असा फिरवायचा की बघणाऱ्यालाच भोवळ यावी. त्याची बायको त्याच वखारीत भुसा झाडून पोत्यांत भरायची. दोघांचा डबा एक, आणि भांडणही रोज एकच, की आज भाजी कोणी जास्त हाणली.

एके दिवशी उतारावर उभा केलेला लोडर पार्किंग ब्रेक लावूनही हळूच मागे सरकला. गिरकी मालकाकडे गेला. "मालक, ब्रेक धरत नाही. आणि गाडी हल्ली जड चालते."

"जड तू झालायस," मालक कागदांतून मान वर न करता म्हणाला. "सध्या चाकामागे काहीतरी लाव. पुढच्या महिन्यात बघू."

गिरकीने इकडेतिकडे पाहिलं, पिंप कलतं केलं, मला ओढून काढलं आणि लोडरच्या मागच्या चाकाला लावलं. 'सध्या' या शब्दाची आणि माझी ओळख तेव्हा झाली. इतका लबाड शब्द मी दुसरा ऐकलेला नाही. पुढचा महिना आला, गेला, त्याच्या पुढचाही गेला. गाडी घसरत नव्हती, त्यामुळे ब्रेकची आठवण कोणाला होणार? उलट मालक पाहुण्यांना दाखवायचा, "बघा, एवढंसं लाकूड, पण अख्खी गाडी धरतं." माझा नुसता तिळपापड व्हायचा. अरे, गाडी धरायला ब्रेक असतो. तो आजारी आहे आणि तुम्ही मला शाबासकी देताय?

गिरकीला मात्र चैन नव्हतं. त्याने आपल्या साडूला बोलावलं. साडू, म्हणजे बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा, अशाच गाड्यांचा मिस्त्री होता. त्याने लोडर शेडमध्ये सपाट फरशीवर उभा केला, खाली मोठा पुठ्ठा पसरला आणि दुसऱ्या दिवशी येऊन पाहिलं. पुठ्ठा कोरडा ठणठणीत.

"थेंब नाही, म्हणजे गळती नाही," मिस्त्रीने सांगितलं. "तू ब्रेकचं बटण नीट दाबतोस ना, साडू?"

मी तिथेच कोपऱ्यात पडलो होतो, तेलाने चिंब. तेल येत होतं कुठून? लोडर उतारावर उभा असला की त्याच्या पोटातून, मागच्या कडेने, थेंब थेंब माझ्यावर पडायचं. लाकूडच मी, पिऊन टाकायचो. जमिनीवर डाग पडायचा नाही आणि वर भुसा उडून बसायचा. गिरकीची बायको मला उचलून बाजूला ठेवायची, तेव्हा एकदा म्हणाली, "हा ठोकळा हाताला तेल लावतोय."

"मग काय अत्तर लावेल?" गिरकी हसला. तिने हात पोत्याला पुसले आणि विषय तिथेच संपला.

मित्रांनो, तेल प्यालेलं लाकूड घसरतं. हे सांगायला मला तोंड नव्हतं.

त्या दुपारी गिरकीने लोडर चढावर उभा केला, बटण दाबलं, मला चाकामागे सारलं आणि तो पाणी प्यायला गेला. उताराच्या पायथ्याशी त्याची बायको पायांवर पोती घेऊन डबा उघडून बसली होती. लोडर हलला. मी जीव खाऊन जमीन धरायला गेलो, पण माझा तळ बुळबुळीत झाला होता. चाक मला ढकलत खाली निघालं. तिने आवाज ऐकून मान वळवली, पण पायांवरची पोती सारून उठणार कधी? शेवटी खालच्या गटाराच्या दगडी कडेला मी आडवा अडकलो, कडाकडा वाजलो, आणि लोडर थांबला. तिचे गुडघे वीतभर अंतरावर होते. डबा मात्र दुसऱ्या चाकाखाली चपटा झाला.

गिरकी धावत आला. तिला धरून तो तिथेच मातीत बसला. त्याला बोलताच येईना.

मालकाला मात्र छान बोलता येत होतं. "ठोकळा होता म्हणून वाचली. आणि तू ब्रेक लावलाच नव्हतास. उद्यापासून येऊ नकोस."

"लावला होता, मालक. लेकरांची शपथ."

"मला शिकवू नकोस. या गाडीत तेलाच्या दाबाने ब्रेक सुटतो. दाब गेला की आतल्या स्प्रिंगा तो आवळतात. तेल गळत असतं तर ब्रेक उलट घट्ट बसला असता. चूक तुझीच."

गिरकीने बायकोला हात देऊन उठवलं. बायकोचा जीव थोडक्यात वाचला होता, आणि आता हातचं काम जात होतं, तेही खोटा ठरून. मला इतका राग आला की मी पेट घेतला नाही हेच नवल.

निरोप मिळताच मिस्त्री आला. "मालक, तुमचं अर्धं बरोबर आहे. उरलेलं अर्धं मला बघू द्या, मग काढा ह्याला." त्याने गटाराच्या कडेला पडलेल्या मला उचललं. हात तेलकट झाले. त्याने वास घेतला आणि त्याचा चेहरा बदलला. "साडू, हे जळकं तेल आहे. हा ठोकळा कुठे असतो?"

"उतारावर. मागच्या चाकामागे."

"भाऊजी, मी सांगितलं होतं," गिरकीची बायको म्हणाली. "हाताला तेल लागतं म्हणून."

मिस्त्रीने कपाळावर हात मारला. "आणि मी शहाणा सपाट फरशीवर पुठ्ठा घालून बसलो. तिथे सगळं तेल गाडीच्या पोटातच साचून राहणार. उतारावर ते मागे वाहतं आणि ह्याच्यावर पडतं."

त्याने लोडर सपाट जागी ओढून नेला, बकेट जमिनीला टेकवली आणि चाकांना कोरडे, नवे ठोकळे लावले. मला लावलं नाही, हे फार बरं केलं. गाडीच्या पोटाचं झाकण काढताच काळं तेल भळभळा आलं. मग ब्रेककडे जाणाऱ्या नळीवर त्याने दाबाचा काटा बसवला आणि इंजिन सुरू केलं. काटा अर्ध्यावर जाऊन थांबला. इंजिन बंद करून त्याने नळी ब्रेकपासून सोडवली, तिच्या तोंडाला घट्ट बूच लावलं आणि पुन्हा सुरू केलं. काटा सरळ वर गेला.

"पंप चांगला, नळी चांगली. तेल ब्रेकच्या आत पळतंय," तो म्हणाला आणि त्याने ब्रेक उघडला. तेल अडवणारी आतली रबरी रिंग एका बाजूने चिरली होती. चाक धरणाऱ्या चकत्या काळ्या पडल्या होत्या, झिजून पातळ झाल्या होत्या.

"बघा मालक. दाब पुरत नव्हता, म्हणून ब्रेक कधी पुरता सुटलाच नाही. गाडी तो घासत चालत राहिली. जड चालते म्हणून हा सांगत होता, ते हेच. घासून चकत्या संपल्या, वर तेलाने माखल्या. स्प्रिंगा अजून आवळतात हो, पण धरायला उरलंय काय?"

मालकाने चकती हातात घेतली, परत ठेवली. "ठीक आहे. रिंग मागवा, चकत्या मागवा. आणि तू उद्यापासून ये," तो गिरकीला म्हणाला. चुकलं, हा शब्द त्याच्या घशातून वर आला नाही. वर जाता जाता म्हणतो कसा, "ठोकळ्याने वाचवलं पण. जपून ठेवा त्याला. सध्या..."

गिरकीच्या बायकोने मला उचललं. ती मालकाच्या मागोमाग त्याच्या खोलीत गेली आणि टेबलावरच्या कागदांवर तिने मला धाडकन ठेवलं.

"एवढा आवडतो ना, मग तुमच्याजवळच राहू दे," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. "माझे गुडघे चाकाखाली जाणार होते, मालक. पुढच्या वेळी कोणी गाडीचं काही सांगायला आलं आणि तुमच्या तोंडात 'सध्या' आलं, की आधी ह्याच्यावर हात ठेवा."

तेव्हापासून मी या टेबलावर आहे. प्यालेलं तेल अजून झिरपतं, कागदांना डाग पडतात. मालकाने दोनदा मला खिडकीत ठेवलं. ती झाडायला आली की पुन्हा टेबलावर ठेवते, आणि तो कागद सरकवून जागा करतो.

मित्रांनो, मला उन्हात वाळवू नका, पुसू नका, जपू तर मुळीच नका. एखाद्या गाडीच्या चाकामागे माझ्यासारखा कोणी रोजच दिसला, तर त्याला शाबासकी देऊ नका. तो तिथे कशासाठी ठेवावा लागतो, ते विचारा, आणि उत्तर मिळेपर्यंत विचारत राहा.

काल गिरकी आत आला. "मालक, मागे घेताना हॉर्न वाजत नाही."

"स..." मालक म्हणाला आणि थांबला. त्याचा हात नेमका माझ्यावर टेकला होता. त्याने तेलकट बोटांकडे पाहिलं, ती रुमालाला पुसली आणि मिस्त्रीला फोन लावला.