टाकीतले बारके रोहू

साठ रोहू माशांच्या शेपटीचे तुकडे देवळ्याला मासे पाळणाऱ्या बयाबाईंनी स्वतः कापून, स्पिरिटच्या कुप्यांत घालून, वजनाच्या चिठ्ठ्या लावून नाशिकला माझ्या प्रयोगशाळेत पाठवले. एकाच वयाचे असून काही मासे झपाट्याने वाढतात, काही खुरटतात. डीएनएतल्या कोणत्या खुणांवरून हा फरक ओळखता येईल, ते मला शोधायचं होतं. चिठ्ठ्या वाचल्या तर साठच्या साठ मासे किलोच्या वरचे! आता तुलना कशाशी करू, माझ्या कपाळाशी?

दुसऱ्या दिवशी तणतणत त्यांच्या शेततळ्यावर गेले. "मावशी, जाळ्यात येईल तो मासा घ्या, सांगितलं होतं ना? बारके कुठं गेले?"

बयाबाई ओशाळल्या. "टाकीत सोडले. निलोफर, तुझ्या हापिसात खुरटे मासे कसे पाठवू? लोक काय म्हनतील?"

"अहो, मला तेही हवेत! मोठ्यांइतकेच!"

त्यांनी टाकीवरचं गोणपाट बाजूला केलं. आत वीतभर लांबीचे रोहू होते. पाणी स्वच्छ होतं, कडेला भिजवलेली पेंड ठेवली होती.

"घरी पाव्हणे आले का थोरल्या बहिणीला पुढं करायचे," त्या म्हणाल्या. "मी बुटकी. मला चुलीमागं बसवायचे."

टाकीत हात घालायला त्या दोन विटांवर चढल्या. माझा राग कधीच ओसरला होता. सगळ्यांत बारका मासा त्यांनी ओंजळीत उचलून माझ्यापुढे धरला.

"ह्याला पयला लिव."