उताऱ्यावरून सांगता येत नाही

"ड," ती म्हणाली.

"परत ड?" सासूबाईंनी चष्मा कपाळावर सरकवला. "अगं, या ड ने तुला झपाटलंय की काय?"

"पण तेच बरोबर आहे ना, आई."

"वाच. मोठ्यानं वाच. आणि घाई करू नकोस."

पहाटेचे साडेपाच वाजले होते. ओट्यावर चहा निवत होता. तिने डोळे चोळले आणि वाचायला सुरुवात केली. 'तो दारातून आत आला. त्याने छत्री झटकली, बूट पुसले आणि खिडकी लावून घेतली. प्रश्न सातवा : त्या वेळी बाहेर काय होते? अ, पाऊस पडत होता. ब, कडक ऊन होते. क, धुके पडले होते. ड, उताऱ्यावरून सांगता येत नाही.'

"छत्री झटकली म्हणजे काय झालं?"

"ओली असेल. किंवा धूळ बसली असेल."

"धूळ!"

"बरं, ओली होती म्हणू. पण पाऊस पडून गेलेला असेल. 'पडत होता' कशावरून म्हणायचं?"

"मग खिडकी कशाला लावली? चोर येईल म्हणून?"

"रस्त्याचा आवाज येत असेल."

सासूबाईंनी पुस्तक मिटले. छत्तीस वर्षे त्यांनी शाळेत भाषा शिकवली होती. टक्कल पडलेली, पोट सुटलेली माणसे अजूनही रस्त्यात त्यांना पाहून सायकलवरून उतरत. त्या सगळ्यांना पाऊस कळला होता.

"हे बघ, परीक्षक काही तुझा वैरी नाही. तो बिचारा डोळा मारून सांगतोय, पाऊस आहे गं बाई, लिहून मोकळी हो. आणि तू त्याच्याकडे पुरावा मागतेस."

ती हसली, पण हसण्यातही दमणूक होती. सव्वासातला कामावर पोचायचे होते.

रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत तिला सगळे भिंगताई म्हणत. एकवीस वर्षे ती मायक्रोस्कोपला डोळे लावून बसत आली होती. रक्ताचा थेंब काचेवर पसरायचा, रंगवायचा, वाळवायचा आणि मग एका टोकापासून पाहत जायचे. भिंगातून एका वेळी जेवढे गोल वर्तुळ दिसते त्याला क्षेत्र म्हणतात. अशी शंभर क्षेत्रे पाहिल्याशिवाय रिपोर्ट लिहायचा नाही. रिपोर्टच्या खाली डाव्या कोपऱ्यात तिची सही असे, उजव्या कोपऱ्यात डॉक्टरांची.

गेल्या वर्षी नवा नियम आला. यापुढे सही फक्त पदव्युत्तर पदवी असलेल्यांची. डावा कोपरा नव्या छापील रिपोर्टमधून जाणार होता. नोकरी करणाऱ्यांसाठी संध्याकाळचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम होता. त्याला प्रवेश मिळाला की, उजव्या कोपऱ्यात का होईना, सही चालू ठेवता येणार होती. त्यासाठी प्रवेश परीक्षा, आणि परीक्षेला वयाची अट पंचेचाळीस. तिला चव्वेचाळीस पूर्ण झाली होती. विज्ञानात आणि गणितात तिला अडचण नव्हती. पण भाषेच्या चाळीस गुणांत वेगळे वीस मिळवावे लागत. गेल्या वर्षी तिला सोळा मिळाले होते. यंदाची संधी शेवटची.

"शब्दसंबंध घेऊ," सासूबाई म्हणाल्या. "विहिरीला पाणी, तसं पुस्तकाला?"

"कागद."

"कागद?"

"विहिरीत पाणी असतं. पुस्तकात कागद असतात."

"ज्ञान, बये, ज्ञान!"

"ते असेलच असं नाही, आई. तुमच्या कपाटातली काही मी चाळली आहेत."

शेजारी इस्त्री करत असलेला तिचा नवरा खो खो हसला. सासूबाईंनी त्याच्याकडे असे पाहिले, की त्याने शर्ट उलटा करून परत पहिल्यापासून इस्त्री सुरू केली.

त्या दिवशी अकरा वाजता वॉर्डातल्या मोठ्या डॉक्टरांचा फोन आला.

"बारा नंबरच्या रक्तात हिवतापाचे जंतू आहेत की नाहीत?"

"शंभर क्षेत्रं पाहिली, डॉक्टर. आढळले नाहीत."

"म्हणजे नाहीत."

"म्हणजे आढळले नाहीत."

"भिंगताई, एका शब्दात सांगा हो."

"एका शब्दात होत नाही, डॉक्टर. ताप चढेल तेव्हा परत रक्त पाठवा, परत बघते."

फोन ठेवल्यावर पलीकडच्या टेबलाशी नवी डॉक्टर हसत होती. सत्तावीस वर्षांची, गोड बोलणारी मुलगी. आल्या दिवसापासून ती हिला ताई म्हणत असे. दुपारी चार वाजता हिच्या टेबलाशी येऊन ती साठ-साठ रिपोर्टांवर उजव्या कोपऱ्यात सह्या करी. पेनची टोपी तोंडात धरून, भराभर. "तुम्ही पाहिलंय ना ताई, मग झालं," असे म्हणे.

तिसऱ्या आठवड्यात सासूबाईंना रोग सापडला.

"तू उताऱ्यातला माणूस काय करतो ते बघतेस," त्या म्हणाल्या. "ते नको बघू. लिहिणाऱ्यानं ते तुला का सांगितलं, ते बघ. लेखक कुणाला फुकट छत्री झटकायला लावत नाही."

"काचेवर कुणी काही ठेवलेलं नसतं, आई. असतं ते असतं."

"इथे ठेवलेलं असतं. सगळं मुद्दाम ठेवलेलं असतं. तुला फक्त उचलायचंय."

तिने ते वहीत लिहून घेतले. मग रोज पहाटे दोन उतारे, दुपारच्या सुट्टीत एक, संध्याकाळी भाजी चिरताना सासूबाईंच्या तोंडून शब्दसंबंध. रिकामी खुर्ची आली की कुणीतरी गेलेले असते. कुणी पत्र परत घडी घालून ठेवले की बातमी वाईट असते. गुण वाढू लागले. सोळाचे एकोणीस झाले, एकोणिसाचे चोवीस. पाचव्या आठवड्यात सत्तावीस पडले, तेव्हा सासूबाईंनी लाल पेनने उत्तरपत्रिकेवर 'छान' लिहिले आणि खाली सही केली. डोळ्यांत मात्र दिवसभर वाळू गेल्यासारखे वाटे. बसमध्ये ती उभ्या उभ्या झोपे.

सहाव्या आठवड्यात, मंगळवारी, एक रक्त आले. सोबतच्या चिठ्ठीवर लिहिले होते : तीन दिवस ताप, थंडी वाजून, दहा दिवसांपूर्वी खाणीच्या कामावरून परत, सोबतच्या दोघांना हिवताप. तिने काच लावली. चौदाव्या क्षेत्रात एका तांबड्या पेशीत कडे दिसले, कड्याला एक ठिपका, हिवतापाचा जंतू दिसतो तसा. तिने 'आढळले' असे लिहिले, सही केली आणि चहाला गेली. राहिलेली क्षेत्रे तिने पाहिली नाहीत. चारच्या ऐवजी दोनला येऊन नवी डॉक्टर सह्या करून गेली.

साडेतीनला हात धुताना ती थबकली. कड्याची कड तिला आठवली. जरा जास्त जांभळी होती, आणि भोवती फिकट वलय होते. हात न पुसता तिने पेटीतून काच काढली. ती भिंगाखाली लावून फोकसची बारीक चकती फिरवली. पेशी स्पष्ट झाली, की कडे पुसट होई. कडे स्पष्ट झाले, की पेशी पुसट. म्हणजे ते पेशीच्या आत नव्हतेच. पेशीवर येऊन बसलेली एक साधी प्लेटलेट होती ती. पहिल्या वर्षाच्या मुलांना दाखवायची चूक. तिने दोनशे क्षेत्रे पाहिली. काही नव्हते.

ती जिन्याने धावत वॉर्डात गेली. औषधाचा पहिला डोस देऊन झाला होता. रोग्याला दोन उलट्या झाल्या, एवढ्यावर निभावले. दोन दिवसांनी ताप दुसऱ्याच कशाचा तरी निघाला. मोठे डॉक्टर तिला काही बोलले नाहीत. खुलासा नव्या डॉक्टरकडे मागितला गेला, कारण जबाबदारी उजव्या कोपऱ्याची.

"ताई, तुम्ही लिहिलं होतं म्हणून मी सही केली," एवढेच ती मुलगी म्हणाली. रागाने म्हणाली असती तर बरे झाले असते.

चार दिवस पुस्तक उघडले गेले नाही. पाचव्या दिवशी सासूबाईंनी तिच्या कपाळाला हात लावून पाहिला.

"अंग तर गार आहे. मग झालंय काय?"

तिने सांगितले. चिठ्ठी, कडे, जांभळी कड, सगळे.

"चौदाव्यालाच कशी थांबलीस गं?" सासूबाईंनी विचारले.

"चिठ्ठी वाचली आणि वाटलं, हे सगळं मुद्दाम सांगितलंय. खाण, थंडी, सोबतचे दोघं. मग ते दिसलं. मला ते दिसायलाच हवं होतं."

सासूबाई बराच वेळ टेबलावरचा चहाचा डाग बोटाने पुसत राहिल्या. तो डाग जुना होता, निघणारा नव्हता.

"म्हणजे मी तुला भलतंच शिकवलं."

"नाही, आई. तुमचं बरोबरच आहे. तिथलं तिथं आणि इथलं इथं ठेवता यायला हवं. मला नाही जमत."

"जमेल. माणसं दोन दोन भाषा बोलतात की."

"बोलतात. मला झोप येते."

यावर दोघीही हसल्या. मग सासूबाईंनी पुस्तक पुढे ओढले, पण उघडले नाही. "परीक्षेला मात्र बस," त्या म्हणाल्या. "इतकं केलंस."

परीक्षा एका मोठ्या शाळेच्या इमारतीत होती. बाकडी तिच्या गुडघ्यांना लहान पडत होती. आजूबाजूला विशी-बाविशीतली मुले होती, तिला पाहून एकीने "मॅडम, आमची खोली हीच ना?" असे विचारले. विज्ञान आणि गणित तिने वेळेआधी संपवले. भाषेच्या भागात एकेक उतारा ती शांतपणे सोडवत गेली. परीक्षकाचा डोळा तिला आता ओळखता येत होता. तो कुठे मिचकावतो ते दिसे, आणि ती त्या गोळ्यात पेन्सिल फिरवी.

एकतिसावा प्रश्न शेवटच्या उताऱ्यावर होता. 'सकाळी चार नंबरच्या खाटेवरची चादर काढलेली होती. शेजारच्या खाटेवरच्या बाईने तोंड भिंतीकडे वळवले. परिचारिकेने काही न बोलता पाण्याचा पेला उचलून नेला.' चार नंबरच्या रुग्णाचे काय झाले? अ, तो मरण पावला. ब, त्याला दुसरीकडे हलवले. क, तो घरी गेला. ड, उताऱ्यावरून सांगता येत नाही.

तिने अ चा गोळा भरला. परीक्षकाला अ हवा होता, यात शंका नव्हती. उरलेले प्रश्न सोडवून ती परत तिथे आली. रुग्णालयात चादरी रोज सकाळी निघतात. शेजारच्या बायका भिंतीकडे तोंड करतात, कारण समोरच्या खिडकीतून ऊन येते. परिचारिका बोलत नाहीत, कारण त्यांची पाळी संपत आलेली असते. माणूस मेला, असे लिहायला तिच्याकडे काय होते? एक चादर आणि एक पेला. तेवढ्यावर तिने एकदा लिहिले होते.

तिने खोडरबर घेतले. अ चा गोळा नीट, कागद न फाटू देता पुसला. ड भरला. घंटा झाली तेव्हा तिचे डोळे मिटत होते.

निकाल सात आठवड्यांनी लागला. विज्ञानात अठ्ठ्याण्णव टक्के. भाषेत एकोणीस.

"एका गुणानं!" सासूबाई खुर्चीतून उठल्या. "छत्तीस वर्षांत मी एका गुणानं कुणाला नापास केलं नाही. पेपर परत तपासायला लाव. कुठला चुकला असेल? आठवतो का तुला?"

"नाही आठवत," ती म्हणाली.

सासूबाईंनी तिच्याकडे नीट पाहिले. इतक्या वर्षांत शेकडो मुलांची खोटी कारणे त्यांनी ऐकली होती. आत जाऊन त्यांनी तिच्यासाठी चहा टाकला.

एक तारखेला नवे छापील रिपोर्ट आले. खाली एकच रेघ होती, उजवीकडे. त्या दिवशी तिने नेहमीसारखी कामे केली. दुपारी चारला नवी डॉक्टर आली, पेनची टोपी काढून तोंडात धरली आणि गठ्ठा पुढे ओढला.

"थांबा," ती म्हणाली, आणि स्टुलावरून उठली.

"काय झालं, ताई?"

"बसा इथे. आधी बघा, मग सही करा."

"साठ आहेत हो!"

"सगळे नका बघू. तापाचे पाच आहेत, तेवढे बघा."

मुलीने तोंडातली टोपी काढली. मग हातातले घड्याळ काढून टेबलावर ठेवले आणि येऊन बसली. तिचे पाय अधांतरी राहिले. स्टूल एकवीस वर्षे एकाच उंचीला लावलेले होते. त्याचा स्क्रू गंजून बसला होता.

भिंगताई खाली गुडघ्यांवर बसली. पदराच्या टोकात धरून तिने तो स्क्रू फिरवायला घेतला. पहिल्यांदा हलला नाही. दुसऱ्यांदा कुरकुरला. मग स्टूल हळूहळू खाली येऊ लागले.

"पाय टेकले?"

"अजून थोडं, ताई."

तिने आणखी एक फेरा दिला.